पलीकडचा मुलगा

धाकटं डायोमीड बेट, अलास्का
१२ एप्रिल २०२२

प्रिय झिनाताई,

तुला, नादियाला आणि घरातल्या सगळ्यांना तुझ्या मेनाचा नमस्कार. इथे आम्ही ठीक आहोत. तुम्हीही ठीक असाल असं धरूनच लिहायला बसले आहे, कारण तसं धरलं नाही तर हात चालत नाही.

नादिया, तू इंग्रजीची शिक्षिका झालीस आणि माझी सगळी पत्रं तुझ्या गळ्यात पडली. आईला वाचून दाखवताना मधलं काही गाळू नकोस. तू गाळतेस हे मला ठाऊक आहे. मागे मी गुडघ्यांच्या औषधावरून ताईला इतकी रागे भरले होते, आणि तुमच्या उत्तरात गुडघ्यांचं नावसुद्धा नव्हतं.

यंदा बर्फ धड जमलाच नाही. खेकड्यांसाठी भोक पाडायला जावं तर पायाखालचं सगळंच हलतं. वाऱ्यामुळे हेलिकॉप्टर दोनदा अर्ध्या वाटेतून परत गेलं, त्यामुळे दुकानात कडक बिस्किटं आणि टोमॅटोच्या सुपाचे डबे एवढंच उरलं आहे. घरात सीलचं तेल आहे, म्हणून बिस्किटंही गोड लागतात. ताई, तुला आठवतं का, तू पहिल्यांदा आमच्याकडे आलीस तेव्हा खिशातून साखरेचा खडा काढलास, दातात धरलास आणि त्यावरून चहा प्यायलीस? माझ्या आईनं तोंड फिरवलं. तुझी चाल तिला आवडली नाही असं मला वाटलं होतं. ती दाराबाहेर जाऊन रडत होती. तुझी आई, म्हणजे तिची सख्खी बहीण, लग्न होऊन समोरच्या, रशियाच्या थोरल्या बेटावर गेली ती तशीच चहा प्यायला शिकली होती. मग सीमा बंद झाली, थोरल्या बेटावरून तुम्हा सगळ्यांना उठवून मुख्य भूमीवर नेलं, आणि चाळीस वर्षं दोघी बहिणींनी एकमेकींना पाहिलं नाही. तुझी आई तशीच गेली. माझ्या आईला तिच्याऐवजी तू मिळालीस आणि तुझा तो साखरेचा खडा.

बातम्यांबद्दल मी लिहिणार नाही. सिसिलिया नोमहून फोन करते तेव्हा मला बजावते, "आई, पलीकडे पत्र लिहिशील तर हवापाण्याचं लिही, दुसरं काही नको." म्हणून हवा लिहिते. हवा वाईट आहे. थोरल्या बेटावर नवे दिवे लागले आहेत. किती, ते लिहीत नाही. रात्री माझ्या भिंतीवर त्यांचा उजेड पडतो आणि मी कूस बदलते.

दुकानातला बर्नार्ड अजून तसाच आहे. परवा मला म्हणाला, "मेना, काल तू कपडे वाळत घातलेस ना? पलीकडच्या शिपायांनी दुर्बिणीतून सगळे मोजून वरती कळवले."

मी म्हटलं, "बरं झालं. एक पायमोजा कमी भरतोय, तो कुठे गेला ते त्यांनाच विचारते."

दुकानातले सगळे हसले. मीही हसले. पण तेव्हापासून मी कपडे घरातच वाळत घालते.

लहान होते तेव्हाही अशी भीती होती, पण ती शाळेतली भीती होती. बॉम्बच्या सरावाची घंटा झाली की बाकाखाली शिरायचं, डोकं हातांत धरायचं. नन्स आम्हाला रोज चर्चमधल्या मिसानंतर रशियासाठी प्रार्थना म्हणायला लावायच्या. सिस्टर अलॉयसियस सांगायच्या, पलीकडे देवाला न मानणारे लोक राहतात. मी हात वर केला आणि म्हटलं, "सिस्टर, पलीकडे माझी मावशी राहते." सिस्टरनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "मग मावशीसाठी जरा मोठ्यानं म्हण." त्या वर्षी माझा आवाज वर्गात सगळ्यांत मोठा होता. रशिया केवढा आहे ते मला माहीत नव्हतं. मला वाटायचं, तिथे मावशी आहे आणि तिच्या शेजारपाजारचे काही लोक आहेत.

आता मुख्य गोष्ट, जिच्यासाठी एवढं लांबण लावलं. माझा मुलगा कसा आहे?

त्याचा आवाज मी नाताळात ऐकला तो शेवटचा. खोकला होता. नादिया म्हणाली काही नाही, थंडीचा आहे. हसताना अजून डोळे मिटतो का? अजून डाव्या हातानंच चहा ढवळतो का? तू त्याला माझ्या मांडीवर ठेवलंस तो दिवस मी रोज एकदा मनात उघडून बघते. डॉमिनिक समुद्रावर गेल्यानंतरचं दुसरंच वर्ष होतं. तू होडीतून उतरलीस, अंगरख्यातून ते पोर काढलंस आणि म्हणालीस, "घे. तुझा तुलुगाक परत आलाय. आमच्या घरी उतरला, एवढंच." माझ्या डॉमिनिकचं घरातलं नाव तुलुगाक होतं, तू ते नातवाला दिलंस, आणि त्या दिवसापासून मला पुन्हा मुलगा आहे. तुमच्या सरकारी कागदावर तो टिमोफेई असेल. तो जेव्हा नादियाला "ताई" म्हणायचा आणि ती चिडायची, "जन्म मी दिला आणि मी ताई?" तेव्हा तो चार वर्षांचा होता. त्यानं काय उत्तर दिलं होतं ते तुम्हा दोघींना आठवत असेलच. "मग काय. आई तर पलीकडे आहे."

त्याच्यासाठी स्वेटर विणला आहे. पोस्टातली बाई म्हणाली, पार्सलचं आता काही सांगता येत नाही, पत्र तेवढं जाईल. ते पत्रही नोम, अँकरेज, मग सगळी पृथ्वी फिरून, मॉस्कोवरून तुमच्याकडे. म्हणून स्वेटर इथेच ठेवला आहे, खिडकीजवळच्या त्याच्या खाटेवर. त्याला सांग, घर त्याचंच आहे. कधीही यावं. वाट त्याला माहीत आहे.

पण एकट्यानं पाण्यात उतरू नये, हेही सांग. धुकं असताना तर मुळीच नाही. मी यावं म्हणते आणि येऊ नये म्हणते, दोन्ही खरं आहे. ताई, तू समजून घेशील.

तुझी धाकटी बहीण
आणि त्याची आई,
मेना

*

धाकटं बेट
२ नोव्हेंबर २०२२

प्रिय सिसिलिया,

परवा मी तुझा फोन मध्येच ठेवला. लाइन गेली नव्हती, मीच ठेवला. बाळा, तू दिवसभर दवाखान्यात उभी असतेस, घरी येऊन मला फोन करतेस, आणि मी असं वागते. पण फोनवर मला बोलता येत नाही. भिंती पातळ, शेजारी जागे. आणि काही गोष्टी कागदावरच नीट मांडता येतात असं आम्हाला शाळेत शिकवलं होतं. तू म्हणतेस, त्या शाळेनंच मला घाबरट केलं. असेल.

तू जे सांगितलंस ते मी पुन्हा एकदा लिहून काढते, म्हणजे माझ्या डोक्यात ते एका जागी बसेल.

नादियानं तुला कुणाच्या तरी फोनवरून निरोप पाठवला. टिमाला जिल्ह्याच्या गावी एका खोलीत बोलावलं होतं. टेबलावर माझी पत्रं होती. मी गेल्या काही वर्षांत लिहिलेली सगळी, उघडलेली, रशियनमध्ये उतरवलेली, आणि काही वाक्यांखाली लाल पेन्सिलीच्या रेघा. "थोरल्या बेटावर नवे दिवे लागले आहेत" याखाली एक. "किती, ते लिहीत नाही" याखाली दोन. "घर त्याचंच आहे. कधीही यावं. वाट त्याला माहीत आहे" याच्याभोवती चौकट.

त्या माणसानं विचारलं, "ही अमेरिकन बाई तुझी कोण?"

आणि माझ्या शहाण्या मुलानं खरं सांगितलं. "आई."

"बाहेर बाकावर बसली आहे ती?"

"ताई."

"आणि तिच्याशेजारची म्हातारी?"

"मावशी." मग म्हणे स्वतःच सुधारून म्हणाला, "म्हणजे आजी. तशी मावशी."

त्या माणसानं पेन्सिल खाली ठेवली. "माझी चेष्टा करतोस?"

"नाही साहेब. नाव कुणाचं आहे त्यावर असतं ते."

तू हे सांगताना क्षणभर आपण दोघी हसलो, आठवतं? मी अजून हसते आहे आणि माझे हात थंड पडले आहेत. आपल्यातला कुठलाही माणूस त्या खोलीत बसला असता तर त्यानं हेच उत्तर दिलं असतं. आणि त्याच उत्तरानं त्याला बांधलं. आई अमेरिकन, हे लष्कराच्या कागदावर लपवलं. आई पत्रातून दिव्यांची माहिती देते. आई वाट सांगते. त्याच्या होडीचं इंजिन काढून नेलं आहे. म्हणे दोन रस्ते आहेत: नाताळाच्या आत त्यानं लढाईवर जायच्या कागदावर सही करावी, नाहीतर खटला उभा राहील, आणि असल्या खटल्यात लोक म्हातारे होऊन बाहेर येतात. नादियाला वकील म्हणाला, तिसरा रस्ता एकच. त्या अमेरिकन बाईनं स्वतः लिहून द्यावं की हा माझा कोणी नाही. तेही असं लिहावं की वाचणाऱ्याला कंटाळा यावा. कंटाळा आला की ते कागद बाजूला ठेवतात.

मग तू म्हणालीस, "आई, चार ओळी आहेत. तो माझा कोणी नाही. माझा मुलगा डॉमिनिक होता. तो मेला. लिही आणि दे."

मी म्हटलं, "तसं लिहिता येणार नाही."

तू म्हणालीस, "का? खोटं आहे?"

तेव्हा मी फोन ठेवला.

सिसिलिया, तुझ्या भावाबद्दल तू आणि मी कधी बोललो नाही. तू अठरा वर्षांची होतीस, तू रडलीस. मी, टिमा झाल्यावर, बाळाची टोपी विणत बसले. तू एकदा माझ्या हातातून लोकर ओढून घेतलीस आणि म्हणालीस, "या घरात कोणीतरी गेलंय, तुला दिसत नाही का?" मला दिसत होतं. पण मला हेही दिसत होतं की झिनाताईकडे त्याला दात येतायत, तो चालायला लागलाय. तुला ते वेड वाटलं. तुझ्या जागी मी असते तर मलाही वाटलं असतं. पण टिमा तीन वर्षांचा असताना आपल्याकडे आला, दारातून शिरला आणि कुणी न सांगता डॉमिनिकच्या खुंटीवर टोपी अडकवायला उड्या मारू लागला. तू तेव्हा तिथेच होतीस. तू बघितलंस आणि बाहेर निघून गेलीस.

मला कशाची भीती वाटते ते नीट सांगते. मला त्या खोलीतल्या माणसाची भीती वाटते, त्याची पेन्सिल माझ्या स्वप्नात येते. पण त्याहून जुनी एक भीती आहे. माझी आजी सांगायची, दिलेलं नाव आईनं नाकारलं तर ते माणसातून निघून जातं. मग त्या माणसाला पाणी ओळखत नाही. तो ज्या पाण्यावर रोज जातो तेच पाणी त्याला परक्यासारखं वागवतं. नन्सनी मला सांगितलं होतं की हे सगळं अज्ञान आहे. मी मान हलवली होती. परीक्षेत तसं लिहिलंही होतं. पण सिसिलिया, हे त्यांना कुठे माहीत होतं की एक दिवस मला ते खरोखर करून बघावं लागेल.

काल मी बर्नार्डच्या दुकानात गेले. दुसरं कोणी नव्हतं. मी विचारलं, "बर्नार्ड, कागदावर नाव नाकारलं तर नावाला कळतं का?"

त्यानं माझ्याकडे बघितलं. त्याला सगळं कळलेलं असणार, या बेटावर काय लपतं. म्हणाला, "कुठल्या भाषेत लिहिणार?"

"इंग्रजीत."

"मग नाही कळणार. नावाला इंग्रजी कुठे येतं."

तो हसला नाही. मीही नाही. त्याचं बोलणं मला इतकं बरं वाटलं की मी सूप न घेताच घरी आले. आणि दारात पोचल्यावर आठवलं, डॉमिनिकला इंग्रजी येत होतं. किती सुंदर अक्षर होतं त्याचं.

रोज उजाडलं की मी खिडकीशी जाते. वारा उत्तरेचा आहे, लाटा पांढऱ्या. पूर्वी मी होडी दिसावी म्हणून बघायचे. आता दिसू नये म्हणून बघते. इंजिन काढून नेलं म्हणून काय झालं, तो वल्ह्यांनी येईल. मी त्याला ओळखते. "वाट त्याला माहीत आहे" असं मीच लिहिलं आहे. गेल्या महिन्यात दक्षिणेच्या बेटावर पलीकडचे दोघं उघड्या होडीतून येऊन पोचले, असं रेडिओवर ऐकलं. शेजारच्या बायका म्हणाल्या, बरं झालं, वाचले. पोचलेल्यांचीच बातमी होते. माझ्या मनात होडी दिसते, रिकामी, आणि ती कुणाची हे मला लांबूनही कळतं. मी डोळे मिटून माळ हातात घेते आणि मागते, माझा मुलगा येऊ नये. आईनं असं मागावं का? पण मागते.

आज मृतांचा दिवस. फादर हवेमुळे आलेच नाहीत, पण वेदीजवळ वही ठेवली होती, ज्यानं त्यानं आपापली माणसं लिहायची. दरवर्षी मी तुझ्या बाबांचं नाव लिहिते, आजीचं लिहिते आणि मागे सरते. आज सरले नाही. अक्षर वाकडं आलं. मग घरी येऊन सोबतचा कागद लिहिला. एकदा लिहिला, फाडला, पुन्हा लिहिला. पहिल्यात मी त्याला तीनदा "तुलुगाक" म्हटलं होतं आणि मला कळलंही नव्हतं.

या कागदाचा फोटो काढून नादियाला पाठव. नंतर कागद पोस्टातही टाक. उघडला जाईलच, उघडायलाच हवा. तू तो वाचू नकोस. नाही, वाच. शुद्धलेखन बघ. कुठे काही माझ्यासारखं वाटलं तर ते खोड.

तुला हवं होतं ते वाक्य त्यात आहे. ते तू बरोबर मागत होतीस, इतकी वर्षं. पण मला ते पुन्हा म्हणायला लावू नकोस.

जेवत जा वेळेवर.

तुझी आई

*

धाकटं डायोमीड बेट, अलास्का
२ नोव्हेंबर २०२२

आदरणीय श्रीमती झिनाइदा यांस,

आपली व आपल्या कुटुंबीयांची प्रकृती चांगली असेल अशी आशा आहे. माझ्या पूर्वीच्या पत्रांतील काही मजकुरामुळे गैरसमज झाल्याचे कळले. त्याचा खुलासा करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. हे पत्र आपण कोणासही दाखवावे.

आपली आई आणि माझी आई सख्ख्या बहिणी होत्या. आपल्या दोघींमध्ये एवढेच नाते आहे. आपले नातू श्री. टिमोफेई यांचा आणि माझा रक्ताचा किंवा कायद्याचा कोणताही संबंध नाही. त्यांची आई आपली कन्या श्रीमती नादेझ्दा आहे. त्यांचा जन्म आपल्या गावी झाला, माझ्या घरी नाही. त्यांना माझ्या देशाचे नागरिकत्व नाही आणि ते मिळावे म्हणून मी कधी अर्ज केलेला नाही.

मी पत्रांतून त्यांना मुलगा म्हणत असे. आमच्या जुन्या लोकांत अशी चाल आहे की गेलेल्या माणसाचे नाव नव्या बाळाला देतात, आणि मग घरचे लोक त्या बाळाला गेलेल्या माणसाच्या नात्याने हाक मारतात. ही केवळ एक समजूत आहे. श्री. टिमोफेई यांनी चौकशीत दिलेली उत्तरे या समजुतीनुसार होती, त्यात लपवाछपवी नव्हती. मी नन्सच्या शाळेत शिकले आहे. समजूत आणि वस्तुस्थिती यांतला फरक मला समजतो.

थोरल्या बेटावरच्या दिव्यांबद्दल मी लिहिले होते. त्यांच्या उजेडाने मला झोप येत नाही एवढाच त्याचा अर्थ होता. मी अडुसष्ट वर्षांची आहे आणि मला झोप कमीच येते.

"घर त्याचेच आहे" असेही मी लिहिले होते. ते एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या बाईचे बोलणे होते. ती खाट मी काढून टाकली आहे. त्या जागी आता मांस ठेवायचा फ्रीझर आहे. श्री. टिमोफेई यांनी इथे येऊ नये. कोणत्याही ऋतूत, कोणत्याही कारणासाठी त्यांनी या पाण्यात उतरू नये. इथे त्यांची वाट कोणी बघत नाही. ते दारात उभे राहिले तरी मी त्यांना ओळखणार नाही.

मला एक मुलगा होता. त्याचे नाव डॉमिनिक. ऑक्टोबर १९९५ मध्ये, तो एकोणीस वर्षांचा असताना, सकाळी एकटाच होडी घेऊन सीलमागे गेला. मी खडकावर उभी होते. होडी फार लांब नव्हती. त्याने मागे वळून हात केला, आणि तो हात मला निरोपाचा वाटला, म्हणून मीही हात केला. नंतर लाट आली. लाट गेल्यावर होडी उलटी होती. लोक धावले, दिवसभर शोधले, आणि अंधार पडल्यावर परत आले. शरीर सापडले नाही, म्हणून इतकी वर्षे मी काही म्हणत नव्हते. आता म्हणते. माझा मुलगा मेला आहे. मी ते माझ्या डोळ्यांनी पाहिले आहे. त्याचे नाव आमच्या चर्चच्या मृतांच्या वहीत आहे, कोणीही येऊन पाहावे.

मेलेले परत येत नाहीत. ते दुसऱ्या देशात, दुसऱ्या घरात वाढत नाहीत. त्यांना दात येत नाहीत, ते खुंटीवर टोपी अडकवायला उड्या मारत नाहीत, हसताना डोळे मिटत नाहीत, डाव्या हाताने चहा ढवळत नाहीत. असे काही मी कधी पाहिले असेल तर तो माझा भास होता.

यापुढे मी आपणास पत्र लिहिणार नाही. आपणही लिहू नये. आपले गुडघे सांभाळावेत. हे पत्र मी शुद्धीवर असताना, कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे, स्वतःच्या हाताने लिहिले आहे.

आणखी सांगण्यासारखे काही नाही.

जिला मुलगा नाही अशी,
फिलोमेना